साटमकाकांचा रिपीटर

यशवंत साटम, वय एकाहत्तर, निवृत्त मेंटेनन्स इलेक्ट्रिशियन, राहणार रावेत, सी विंग, तिसरा मजला, यांच्यावर अन्याय झाला आहे. तो गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी झाला. आमच्या सोसायटीच्या समितीने पाठवलेल्या दोन प्लंबरांनी सी विंगच्या गच्चीवर जाऊन त्यांचा अँटेना हॅक्सॉने कापला, केबल तोडली आणि सगळं सामान तळमजल्यावर लिफ्टशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. अँटेना काढण्याच्या सोसायटीच्या ठरावात मुदत महिनाअखेरची होती. महिना संपायला अकरा दिवस बाकी होते.

त्या वेळी काका घरी नव्हते. चिंचवडला गेले होते. कशाला, तर तोच अँटेना स्वतःच्या हाताने, नीट, एकही खिळा न वाकवता उतरवता यावा म्हणून लागणारे क्लॅम्प आणायला.

बाराच्या सुमाराला ते परत आले तेव्हा मी लिफ्टपाशीच उभी होते. कोण आलं, कोणी पाठवलं, कशी दमदाटी केली, सगळं मी एका दमात सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं. एक, दोन. मग खाली वाकून कापलेल्या पाइपवरून अंगठा फिरवत म्हणाले, "ब्लेड किती दात्यांचं होतं गो?"

"काय?"

एक, दोन. "अठराचं असणार. ही बघ, कड फाटलीय. पातळ पाइपला अठराचं लावतात होय?"

समितीबद्दल त्या माणसाने काढलेला हा एकमेव निषेधाचा उद्गार. म्हणून बाकीचा निषेध मी करते आहे.

या 'एक, दोन'बद्दल आधी सांगायला हवं. साटमकाका कोणाच्याही बोलण्याला लगेच उत्तर देत नाहीत. समोरच्याचं वाक्य संपलं की मनात दोन आकडे मोजतात आणि मगच तोंड उघडतात. कान शाबूत आहेत. ते हौशी रेडिओवाले आहेत, ज्यांना हॅम म्हणतात त्यातले. परीक्षा दिलेले, सरकारी परवाना असलेले, आणि तो परवाना प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घालून गच्चीवर जाताना सुद्धा काखेत बाळगणारे. रेडिओवर अशी रीत आहे की एकाचं बोलणं संपल्यावर दुसऱ्याने लगेच बटण दाबायचं नाही. मधे दोन सेकंदांची फट सोडायची. कोणी तिसरा संकटात असला, कुठे घाटात अडकला असला, तर त्याला त्या फटीतून आत शिरता यावं म्हणून.

"पण काका, तुम्ही भाजीवाल्याशी बोलताना कोण शिरणार आहे मधे?" मी एकदा विचारलं.

एक, दोन. "कोण शिरणार ते माहीत असतं तर फट कशाला ठेवली असती?"

काका मूळचे कणकवलीकडचे. विशीत पिंपरीला आले ते कंपनीत लागले आणि इथलेच झाले. बोलण्यात 'गो' आणि 'चेडवा' एवढंच कोकण शिल्लक आहे. काकू जाऊन नऊ वर्षं झाली. त्या माझ्या आईला सांगायच्या, "मुलगी पसंत आहे का विचारलं तर ह्यांनी दोन मोजले. माझे वडील तोवर चपला घालायला उठले होते." मुलगी बंगळुरूला असते, रविवारी फोन करते. "बाबा, ऐकू येतंय ना?" असं विचारते. बाबा दोन मोजतात. तेवढ्यात नेटवर्क गेलं समजून ती फोन ठेवते आणि पुन्हा लावते. असं तीनदा झालं की दोघंही कंटाळतात आणि जेवणाची चौकशी करून रविवार संपतो.

दुसरी सवय गुण देण्याची. रेडिओवर समोरच्याचा आवाज कसा येतो ते आकड्यांत कळवायचं असतं. बोलणं किती समजतं याचे पाचपैकी गुण आणि जोर किती आहे याचे नऊपैकी. काका हे गुण सगळ्यांना देतात. सकाळी शहाळीवाला ओरडत जातो त्याला पाच-नऊ. देवळाच्या भोंग्याला दोन-नऊ. आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी झेंडावंदनाला अर्धा तास भाषण केलं, तेव्हा काका शेजारी उभे राहून माझ्या कानात म्हणाले, "एक-नऊ." मला हसू आवरेना. पुढच्याच महिन्यात महापालिकेच्या दारात पाण्याच्या टँकरविरुद्ध मी भाषण केलं. घसा बसेपर्यंत बोलले. खाली उतरल्यावर विचारलं, "काका, कसं झालं?"

एक, दोन. "दोन-नऊ."

"म्हणजे?"

"जोर पुरा आहे. समजलं कमी. टँकर यावा की येऊ नये, ते नक्की काय गो?"

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण ते गच्चीवर होते.

गच्चीवर ते सदैव असत. पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक पत्र्याची पेटी होती. कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या पॅनेलची, भंगारातून आणून घासून, दोन हात रंग देऊन उभी केलेली. त्या पेटीत रिपीटर. रिपीटर म्हणजे काय हे मला काकांनी असं सांगितलं: हातातल्या छोट्या रेडिओचा आवाज फार लांब जात नाही, मधे इमारती येतात. म्हणून उंचावर एक यंत्र बसवायचं. ते एका कानाने ऐकतं आणि त्याच क्षणी दुसऱ्या तोंडाने तेच पुन्हा जोरात बोलतं. रावेतच्या गच्चीवरून बोललेलं मग तळेगावला ऐकू जातं, चाकणला जातं, निघोज्याला जातं.

"एकाच वेळी ऐकायचं पण आणि ओरडायचं पण? मग स्वतःच्याच ओरडण्याने ते बहिरं होत नाही?"

हा प्रश्न मी विचारला आणि काकांचा चेहरा असा उजळला की जणू मी त्यांच्या नातवाचं नाव विचारलं. त्यांनी पेटीमागची चार पितळी नळकांडी दाखवली. उंची माझ्या कमरेइतकी. काकांनी स्वतः लेथवर उतरवलेली. त्यांचं काम एकच, यंत्राचं स्वतःचं ओरडणं त्याच्या स्वतःच्या कानापर्यंत पोचू द्यायचं नाही. प्रत्येक नळकांड्याच्या डोक्यावर एक स्क्रू. तो केसभर फिरवायचा, मीटर बघायचा, थांबायचं, ऊन वाढलं की पितळ फुगतं म्हणून पुन्हा फिरवायचा. ही जुळवाजुळव एक अख्खा हिवाळा चालली होती.

"आपल्या अध्यक्षांना असं एक बसवायला हवं," मी म्हणाले.

एक, दोन. "आणि तुला दोन."

बांधणं एकवेळ सोपं, राखणं अवघड. पावसाळ्याआधी प्रत्येक जोडाला रबरी टेप. दिवाळीनंतर तो टेप सोडून नवा. दर सोमवारी केबल बोटांनी चाचपत खालपासून वरपर्यंत जायचं. एका वहीत बिघाड आणि कारण लिहायचं. ती वही मी पाहिली आहे. बिघाड: आवाज खरखरतो. कारण: मुंग्या. बिघाड: आवाज नाही. कारण: केबल टीव्हीवाला. बिघाड: अँटेना हलतो. कारण: कावळीण. त्यापुढे पाच आठवडे रोज एकच नोंद: दुरुस्ती केली नाही, पिल्लं आहेत. सहाव्या आठवड्यात: पिल्लं उडाली, नट आवळला.

आता माझ्याबद्दल जेवढं सांगणं भाग आहे तेवढं सांगते. दोन वर्षांपूर्वी बी विंगच्या गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर उभा राहणार होता. रहिवाशांना न विचारता. त्याविरुद्ध पत्रक मी लिहिलं. 'सर्व प्रकारचे टॉवर व अँटेना आमच्या डोक्यावरून हटवा!' दारोदार वाटलं, टॉवर रद्द झाला, पेढे वाटले. पत्रक छापण्याआधी काकांना वाचून दाखवलं होतं.

एक, दोन. "सर्व कशाला लिहिलंस? तू भांडतेयस एकाशी."

"काका, पत्रकात सर्व म्हटल्याशिवाय जोर येत नाही."

"माझ्या यंत्राची ताकद जिन्यातल्या दिव्याएवढी आहे."

"तुमच्याबद्दल कोण बोलतंय? तुमचं वेगळं."

वेगळं होतं तर तसं लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. त्या चुकीचा हिशेब या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये झाला.

तक्रार मुळात साधी होती. सी विंगला सर्वांत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहतात. अतिशय सज्जन बाई. त्यांनी लिहिलं की गेलं वर्षभर गच्चीवरच्या पेटीतल्या पंख्याची घरघर स्लॅबमधून खाली येते, दुपारी डोळा लागत नाही, काही करता आलं तर बघावं. बस्स. या अर्जाचा सेक्रेटरींनी विषय केला, विषयाचा ठराव केला, आणि सभेत उभं राहून माझं पत्रक बाहेर काढलं. जपून ठेवलं होतं त्यांनी. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"ताई, हे तुमचंच ना? 'सर्व प्रकारचे टॉवर व अँटेना.' का आता बदललं तुमचं?"

हॉलमध्ये हशा पिकला. मी उठले आणि जे सुचेल ते बोलायला लागले. म्हटलं, पवनेला पूर येतो तेव्हा मोबाइल बंद पडतात, अशा वेळी हाच रिपीटर शेकडो लोकांचे जीव वाचवतो...

"वाचवलेत का हो साटम, आजपर्यंत?" अध्यक्षांनी काकांनाच विचारलं.

मी काकांकडे असं पाहिलं की दगडाने सुद्धा हो म्हटलं असतं. एक, दोन. "नाही," काका म्हणाले. "पुरात सेट घेऊन दोन दिवस बसलो होतो. तशी वेळ कोणावर आली नाही. चांगलंच झालं."

"मग रोज उपयोग काय त्याचा?"

एक, दोन. "बोलायला."

"फोन नाही का बोलायला?" मागून कोणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

तेवढ्यात त्या शिक्षिकाबाईच उठल्या. म्हणाल्या, "माझं अँटेनाबद्दल काही नाही हो. फक्त पंखा तेवढा काढा. बाकी राहू द्या."

सभा निवळली. अध्यक्षांनाही जेवायला जायचं होतं. ते म्हणाले, "मिटलं की मग. साटम, पंखा काढून टाका, तुमचं यंत्र राहू दे तिथंच. पहिली इतकी वर्षं पंखा नव्हताच ना?"

मी मनातल्या मनात टाळी वाजवली. जिंकलो होतो आम्ही.

एक, दोन. "पंखा काढता येणार नाही," काका म्हणाले.

"का?"

"तापतं."

"पूर्वी तापत नव्हतं?"

"पूर्वी लोक थोडं बोलायचे."

यापुढे त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही. मी कोपराने ढोसलं. शिक्षिकाबाई ओशाळून खाली बसल्या. अध्यक्षांचा पारा चढला. "ठीक आहे. यंत्र आणि अँटेना महिनाअखेर काढून टाकावा. कोणाची हरकत?"

काकांची हरकत होती. त्यांनी ती मला नंतर जिन्यात, कारण न देता, सांगितली. पण हॉलमध्ये त्यांनी मोजलं, एक, दोन, आणि तोंड उघडलं तेव्हा अध्यक्ष "हरकत नाही, मंजूर" म्हणून पार्किंगच्या विषयावर गेले होते. माणसाचं म्हणणं ऐकायला दोन सेकंद सुद्धा न थांबणारी ही समिती स्वतःला लोकशाही म्हणवते. पण मी तरी काय केलं? मी त्या दोन सेकंदांत काकांवर दात खात होते.

मंगळवारी दुपारी ती पेटी आम्ही दोघांनी उचलून त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नेली. जागा बेताची होती, म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवली. त्या टेबलाला खुर्ची एकच होती. दुसरी खुर्ची म्हणे गच्चीवर बसायला नेली होती. पेटी उघडून काका आतल्या जोडण्या तपासू लागले. एका कोपऱ्यात छोटी फिरकी होती, तिच्यावर तीन, चार, पाच असे आकडे छापलेले. छापील आकडे पाचपाशी संपत होते. त्याच्या पुढे एक पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने 'बारा' लिहिलं होतं आणि फिरकीचा काटा तिथे होता.

"हे काय?"

"एखाद्याने बटण दाबलं आणि सोडायला विसरला तर वाट अडून राहते. म्हणून तीन मिनिटं झाली की यंत्र आपोआप त्याला तोडतं."

"मग बारा कशाला? बारा मिनिटं कोण बोलतं सलग?"

एक, दोन. तीन, चार. मी मोजले. "उद्या तुझी स्कूटर आहे?" काका म्हणाले.

बुधवारी आम्ही निघोज्याला गेलो. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, कंटेनरच्या रांगा, आणि त्यांच्या मधे सापडलेलं गाव. किसनराव नावाच्या गृहस्थांचं घर. काका आणि ते एकाच कंपनीत होते. किसनराव क्रेन चालवायचे. काका वाटेत म्हणाले होते, कारखान्याच्या अख्ख्या शॉपमध्ये किसनासारखा बोलणारा नव्हता. क्रेनच्या केबिनमधून त्याची टकळी सुरू व्हायची ती भोंगा वाजेपर्यंत. जमीन मोजायला आलेल्या साहेबाच्या मागे त्याची म्हैस कशी लागली, ही गोष्ट कॅन्टीनमध्ये इतकी रंगायची की जेवणाची सुट्टी वाढवून मागायचे लोक. निवृत्तीनंतर काकांनीच त्यांना रेडिओचा परवाना काढायला लावला. "बोलायची हौस आहे तर रीतसर बोल, म्हटलं." दोन वर्षांपूर्वी किसनरावांना अर्धांगाचा झटका आला.

ओसरीवर बाजेवर बसले होते. उजवा हात मांडीवर निपचित, डाव्या हातात छोटा रेडिओ. सूनबाई सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत, गळ्यात कंपनीचं कार्ड. आम्हाला पाहून किसनरावांचा चेहरा फुलला. "या... या... ब..."

"बसा म्हनत्यात," सून म्हणाली. "दमू नका आप्पा, मला कळलं. चा टाकलाय. साटमकाका, ते यंत्र कधी सुरू हुनार? आप्पा कालपास्नं बटण दाबून बघत्यात नुसते."

बाई प्रेमळच होती. सासऱ्याच्या खांद्यावरचा पंचा नीट करत होती, बस चुकेल म्हणून घड्याळ बघत होती, आणि त्यांनी तोंड उघडलं की पुढचं वाक्य स्वतः पूर्ण करत होती. मुलगाही तसंच करतो, शेजारीही. सगळे मायेने करतात. "फोनवर मेसेज बोलून पाठवायला शिकवलं म्या," ती म्हणाली. "पर लई लांबतो हो. मंग आमी दुप्पट पळवून ऐकतो."

किसनराव माझ्याकडे बघून म्हणाले, "ते... यं... यंत्र..."

"बंद आहे, हो," मी म्हणाले. "पण काळजी करू नका, आम्ही लढतोय, लवकरच..."

त्यांनी मान डोलावली. दारात आलेल्या पाहुण्याने चहा नको म्हटल्यावर आपण डोलावतो तशी.

"तुला काय घाई आहे गो?" काका म्हणाले. दोन न मोजता. त्यांना न मोजता बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मग ते पत्र्यावरची किसनरावांची वायर तपासायला शिडी लावून वर गेले.

शिडी चढता चढता त्यांनी एवढंच सांगितलं: "घरी फोनवर कोणीही मधे बोलू शकतं. रेडिओवर नाही. त्याने बटण दाबून धरलं की वाट त्याची. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. झटक्यानंतर वर्षाने तो पहिल्यांदा रेडिओवर बोलला, तेव्हा माझ्या यंत्राने त्याला तिसऱ्या मिनिटाला तोडलं. अर्ध्या शब्दात. माझ्या यंत्राने."

त्या वेळी दुसऱ्याच दिवशी काका गच्चीवर गेले, तिनाचे बारा केले. बारा मिनिटं बोललं की यंत्र तापतं, म्हणून पंखा बसवला. पंख्याची घरघर स्लॅबमधून खाली गेली. तेव्हापासून वर्षभर रोज दुपारी चार वाजता किसनराव बटण दाबतात आणि गोष्टी सांगतात. रोज थोडी थोडी. तळेगावचा एक डॉक्टर, निगडीचा एक घड्याळजी, देहूच्या एक निवृत्त पोस्टमास्तरीण बाई, असे पाच-सहा जण सेट लावून ऐकत बसतात. सध्याची म्हशीची गोष्ट सहा आठवडे चालली आहे. गेल्या सोमवारी म्हैस बांधापर्यंत आली होती आणि साहेबाने टोपी फेकली होती.

सभेत एवढं सांगितलं असतं तर शिक्षिकाबाईंनी स्वतः पंख्याला तेल घातलं असतं. "का नाही सांगितलंत?" मी शिडीखालून विचारलं. उत्तर आलं, "त्याच्या जिभेचा विषय सोसायटीच्या हॉलात काढायचा? तुझ्या जिभेचा काढला असता तर चाललं असतं?"

सून शिफ्टच्या बसला गेली. काका पत्र्यावर खुडबुड करत होते. किसनरावांनी मला जवळ बसायची खूण केली. "सा... टम..." ते म्हणाले आणि थांबले. माझ्या जिभेवर पुढची चार वाक्यं तयार होती. मी ती गिळली. ओठ हलत होते, मान हलत होती, डाव्या हाताचा अंगठा रेडिओच्या बटणावर दाबलेला होता, यंत्र बंद असूनही. मी एका शब्दाने मधे आले नाही. मोर्च्यात पोलिसांसमोर बसून राहणं याच्यापेक्षा सोपं आहे, हे मी शपथेवर सांगते. ते जे बोलले ते असं होतं. मधल्या जागा तुम्ही तुमच्या सोडा.

"साटम... येकटा हाय. घरी... बोलायला... कुनी न्हाई. म्या... रोज चारला... बोलतो... म्हून तो... सेट लावतो. लावतो... म्हून... उठून... जेवतो. मला... लई तरास... हुतो... बोलायला. छाती... भरून येती. पर... बोलतो. त्याला... सांगू... नगं."

वरून काकांचा आवाज आला. "काय म्हणतोय गो किसन?"

मी दोन मोजले. "म्हैस पुढे कुठे गेली ते सांगतायत," मी म्हणाले.

एक, दोन. "मला नको सांगू," काका पत्र्यावरून म्हणाले. "मी चारला ऐकेन."

चार वाजता ऐकायला आता रिपीटर नाही.

म्हणून हे लिहिलं. हे वाचून समितीला शिव्या घालणारे पुष्कळ निघतील, त्या मी घातल्या आहेत, तुमच्या नकोत. मला जागा हवी आहे. रावेत, निगडी, आकुर्डी, मोशी, कुठेही उंच इमारतीत तुम्ही राहत असाल तर आज, आत्ता, गच्चीची किल्ली कोणाकडे असते ते विचारा आणि वर जा. ईशान्येला, चाकणच्या बाजूला तोंड करून उभे राहा. मधे आडवी उंच इमारत नसेल तर तिथे पाण्याच्या टाकीशेजारी दहा फुटी पाइपापुरता कोपरा आणि विजेचा एक प्लग द्या. वरच्या मजल्यावर जे राहतात त्यांच्या दारावर स्वतः जा, दुपारी पंखा घरघरणार आहे हे आधीच सांगा, आणि त्यांचं उत्तर संपेपर्यंत थांबा. मग समितीकडे अर्ज करा, तुमच्या सहीने. साटमकाका अर्ज करणार नाहीत, किसनरावांना तो बोलता येणार नाही, आणि माझी सही आमच्या भागातल्या समित्यांना चालत नाही. तुमची चालते. करा.